ओकखाली पुरलेली बाटली

हॉलोवे मिल, अलाबामा
२३ मार्च १९७१

ती. वर्डीताईस,
ओपलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दाजींची कंबर सरळ झाली हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना पुन्हा कोंबड्यांच्या खुराड्यावर चढू देऊ नकोस.

तारीख ठरली, ताई! एक मे, शनिवार. जागेवरून मात्र चांगलीच ओढाताण झाली. लामारच्या घरामागे जुना ओक आहे, त्याच्या सावलीत निम्मं गाव मावेल. मला लग्न तिथेच हवं. लामार म्हणाला की चर्चमध्ये करू. त्याच्या आईचं, ज्यांना सगळं गाव मिस हॅटी म्हणतं त्यांचंही तेच म्हणणं. या एका बाबतीत मायलेकांचं इतकं एकमत पाहून मला गंमतच वाटली. शेवटी मी दोन दिवस गाल फुगवून बसले, तेव्हा लामारने मान तुकवली. मिस हॅटींनी भट्टीतून काढलेला गोड पिकन-पाय कापून माझ्या ताटलीत वाढला आणि म्हणाल्या की तुझ्या मनासारखं होऊ दे.

आता अडलंय ते बाटलीवर. आमचा जिल्हा दारूबंदीचा, इथे बर्बनचा थेंब मिळायचा नाही. लग्नाच्या जागी महिनाभर आधी बाटली पुरली नाही तर त्या दिवशी पाऊस ठरलेलाच, हे तुला काय सांगायचं! दाजी इकडे ट्रक पाठवतील तेव्हा एक पाठव. ड्रायव्हरला म्हणावं, कागदात नीट गुंडाळून आण. मिस हॅटींनी जन्मात दारूच्या बाटलीला हात लावलेला नाही, आणि तो लागू नये म्हणून त्या दर बुधवारी प्रार्थनाही करतात.

टेलिफोन करू नकोस. आमची आणि त्यांची लाइन एकच आहे. आपण रिसीव्हर उचलला की पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय असं ऐकू येतं.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ओपल


कॉपर स्प्रिंग, टेनेसी
२७ मार्च १९७१

चि. ओपलला,
वर्डीताईचे अ. उ. आ.

बाटली ट्रकने पाठवली आहे. बाबांच्याच आवडीची. ड्रायव्हरवर माझा विश्वास नाही, म्हणून झाकणावर लाख लावलीय.

पुरताना मान खाली आणि बूड वर, हे विसरू नकोस. आपल्या नेटीने आडवी पुरली होती. मग केकवरचे साखरेचे नवरानवरी पावसात पार विरघळले, आणि पुढे वर्षभरात खरेही वेगळे झाले. आणि लग्नाच्या दिवशी ती उकरून काढून प्यायची असते, नाहीतर सगळं केलेलं फुकट.

आता एक विचारते, रागावू नकोस. एक्केचाळीस वर्षांचा पुरुष, गुरांचा डॉक्टर, दात सगळे जागेवर, आणि इतकी वर्षं कुणी उचलला नाही? बाजारात शेवटचं कलिंगड उरलं असेल तर मी ते वाजवून बघते. तूही जरा वाजवून बघ.

मी गुरुवारी, बावीस एप्रिलला येते. पडदे, टेबलक्लॉथ, माझी जीभ, सगळं घेऊन.

जपून राहा.

तुझी,
वर्डीताई


हॉलोवे मिल
२ एप्रिल १९७१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दाजींना दाखवू नकोस. मला भीती वाटतेय, ताई. सरळच लिहिते.

काल लामार आणि मी मिळून बाटली पुरणार होतो. फावडं हातात घेतलं आणि गाय अडल्याचा निरोप आला. तो गेला. मिस हॅटी चर्चच्या बायकांकडे गेल्या होत्या. मी म्हटलं, आपणच उरकावं. त्या झाडाखाली जिथे फावडं मारावं तिथे मूळ. घामाघूम झाले. मग बाकाजवळ एका ठिकाणी ते लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं. मुळांचा मागमूस नाही. हातभर खोदलं आणि काच वाजली.

ताई, तिथे आधीच एक बाटली होती. बर्बनची, भरलेली, सील शाबूत. कपाटात ठेवावी तशी नीट उभी होती. गळ्याला रिबीन होती, कुजून काळी पडलेली. झाकणावरच्या सरकारी पट्टीवर १९५७ साल आहे.

पुरलेली बाटली उकरली गेली नाही याचा अर्थ एकच, ते लग्न झालंच नाही. तुझं कलिंगडाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी लामारला हसतहसत विचारलं होतं. तो म्हणाला की लग्नाच्या वाटेला तो कधी गेलाच नाही. हे सांगताना त्याने खिडकीबाहेर पाहिलं होतं, ते मला आता आठवतंय.

मी खड्डा बुजवला, बाक वर ओढला आणि ती बाटली माझ्या खोलीवर आणून टोपीच्या डब्यात लपवली. आपली बाटलीही इथेच आहे, पुरायचा धीर झाला नाही. रात्री लामार भेटायला आला तेव्हा त्याच्या बुटांना माती होती. गुरांच्या डॉक्टरच्या बुटांना माती असायचीच, हे मला कळतं. तरी मी पायरीवरूनच डोकं दुखतंय म्हणून त्याला परत पाठवला. ज्या माणसाच्या हातात हात दिला की मला घरी आल्यासारखं वाटायचं, त्यालाच मी घाबरले.

काय करू ते लवकर कळव.

तुझीच,
ओपल


कॉपर स्प्रिंग
६ एप्रिल १९७१

चि. ओपलला,
अ. उ. आ.

पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. भाकरी तव्यावर करपली तरी मला वास आला नाही.

मला तर वाटतं, गुंडाळ सगळं आणि ये निघून. पण तुला मी ओळखते, तू यायची नाहीस. मग निदान एवढं कर. लामारला विचार, पण एकटीने नको. रविवारी चर्चनंतर अंगणात जेवणं मांडतात ना? सगळं गाव चिकन खात असेल तेव्हा त्याला चार पावलं बाजूला घे. त्याचा चेहरा बघ. खरं बोलणाऱ्याचा चेहरा आधी पडतो आणि मग सावरतो. खोटं बोलणाऱ्याचा आधीच सावरलेला असतो. दाजींबरोबर इतकी वर्षं काढून एवढं शिकलेय.

उत्तर येईपर्यंत मला झोप नाही.

तुझी,
ताई


हॉलोवे मिल
१२ एप्रिल १९७१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झोप आता निवांत. मळभ गेलं!

काल ईस्टरची जेवणं चालली असताना त्याला विचारलं. त्याचा चेहरा असा पडला की मलाच अपराध्यासारखं झालं. तिचं नाव कोरिन. चर्चमध्ये पियानो वाजवायची. लग्न त्याच ओकखाली होणार होतं. आठ दिवस उरले आणि ती मेम्फिसच्या बसमध्ये बसून गेली. लामार तेव्हा जनावरांच्या बाजाराला मॉन्टगोमेरीला गेला होता. तो परत आला तर मिस हॅटी दारात उभ्या. त्यांनीच तिला बसवर सोडलं होतं, तिने बोटातली अंगठी काढून त्यांच्या हातात ठेवली होती. पुढे तिचा काही ठावठिकाणा नाही. गावाने लामारच्या तोंडावर पुन्हा तिचं नाव काढलं नाही. इथली माणसं अशा बाबतीत फार सभ्य आहेत.

ती बाटली त्याने स्वतःच्या हाताने पुरली होती, बाटलीची मान खाली करून, कोरिनने रिबीन बांधून दिली होती. नंतर ती उकरायची त्याची छाती झाली नाही. म्हणून तर त्याला लग्न चर्चमध्ये हवं होतं, आणि मी वेडी गाल फुगवून बसले! माझ्याशी खोटं बोलल्याबद्दल त्याने माफी मागितली आणि सगळ्या गावासमोर रडला. ताई, तो माझा आहे. आता मला कसलीच शंका नाही.

मिस हॅटींनाही त्याने सगळं सांगितलं. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की पोरी, ते जुनं उकरू नकोस. बाटली कुठे सापडली, अजून किती खोल गेलीस, सगळं त्यांनी बारकाईने विचारलं. आता त्या माझं फारच करतात. लामार पुढच्या सोमवारी दुपारी बाजाराला जाणार, मंगळवारी रात्री परत. त्या म्हणाल्या की सोमवारी संध्याकाळीच राहायला ये, मंगळवारी दिवसभर आपण दोघी तुझा झगा बेतू. कुणाला सांगत बसू नकोस, नाहीतर गावातल्या बायका सुया घेऊन हजर होतील. तू कधी येणार तेही विचारलं. गुरुवारी सांगितलं.

आता तू ये आणि तुझी जीभही आण.

तुझी सुखी,
ओपल


कॉपर स्प्रिंग
१७ एप्रिल १९७१

ओपल,

अ. उ. आ. लिहायलाही हात थांबत नाही. हे वाच आणि चुलीत घाल.

तुझं पत्र वाचून मीही निर्धास्त झाले होते. काल सामान भरताना तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. लामारने बाटली मान खाली करून पुरली. तुला ती उभी सापडली. कपाटात ठेवावी तशी, हे तुझेच शब्द.

बाटली जमिनीत आपोआप उलटत नाही, बाई. मध्ये कुणीतरी ती काढली आणि परत ठेवली. लामारने नाही, त्याला रीत ठाऊक आहे. ती ठेवली अशा माणसाने, ज्याने काकवीच्या बाटल्यांशिवाय दुसरी बाटली कधी हाताळलेली नाही. लामारने उकरलंच तर त्याला बाटली मिळायला हवी, म्हणून परत ठेवली.

आणि ती जागा का खोदली असेल? तिथली माती ताजी उकरलेली दिसली तरी कुणी विचारणार नव्हतं. बाटली पुरलीय हे सगळ्या गावाला माहीत. तिथे मुळं का नव्हती याचा विचार कर. तू हातभरच खोदलंस, म्हणून वाचलीस. कोरिन त्या बसमध्ये बसलीच नाही, असं मला वाटतं. तिला बसताना एकाच माणसाने पाहिलं होतं.

टेलिफोन करू शकत नाही, आणि तार केली तर तारवाला तुझ्याआधी मिस हॅटीलाच सांगेल. ट्रक मोबील शहरी गेलाय, उद्या रात्री येईल. सोमवारी पहाटे मी आणि दाजी निघतो. तोवर तिच्या हातचं काही खाऊ नकोस. तिच्या घरी पाऊल टाकू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे.

ताई


हॉलोवे मिल
मंगळवार, २० एप्रिल १९७१

चि. सौ. वर्डी यांस,
हॅटीचे अ. आ.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही, तरी अशी बातमी कळवायची पाळी माझ्यावर यावी याचं वाईट वाटतं. आज सकाळच्या बसने ओपल गेली. मीच तिला सोडायला गेले होते. आदली रात्र तिने माझ्याकडेच काढली, पण बिचारीच्या पोटात अन्न गेलं नाही. म्हणाली की या लग्नात तिचं मन नाही, लामारला तोंड दाखवण्याची हिंमत नाही. कुठे जाणार ते सांगितलं नाही. बोटातली अंगठी काढून माझ्या हातात ठेवली आणि रडत बसमध्ये चढली.

तिला दोष देऊ नका. मुली अशा वयात गोंधळतात. गुरुवारी आपण येण्याचे कष्ट घेऊ नयेत, इथे आता काही काम उरलेलं नाही. लामार माझा एकुलता एक. त्याला मी सांभाळीन, मागेही सांभाळलंच होतं.

प्रभू आपणास बळ देवो. आपला लोभ असू द्यावा.

आपली,
हॅटी


कॉपर स्प्रिंग
बुधवार, २१ एप्रिल १९७१

श्रीमती हॅटी यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र आज पोचलं. अक्षर सुरेख आहे. आत मंगळवारची तारीख आहे आणि पाकिटावर तुमच्या पोस्टाचा शिक्का सोमवारचा आहे. मंगळवारी टाकलं असतं तर मी गुरुवारी निघण्याआधी ते मला मिळालं नसतं, म्हणून तुम्हाला घाई करावी लागली. पत्र एकदा पेटीत पडलं की परत काढता येत नाही, हॅटीबाई. सोमवारी संध्याकाळी तुम्ही टेबल मांडून वाट पाहत बसलात, आणि ओपल आली नाही, तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केला.

ती माझ्यासमोर बसली आहे. सोमवारी दुपारी मी तिला गाठलं तेव्हा ती पिशवी घेऊन तुमच्याकडेच निघाली होती, माझं पत्र न फोडता पिशवीत टाकलेलं. चार पावलांचं अंतर होतं. तुमचं पत्र तिने स्वतः वाचलं. ती स्वतः कशी रडली, बसमध्ये कशी चढली, ते वाचताना ती आपलं बोट चाचपत होती. अंगठी तिच्या बोटात आहे.

कोरिनची अंगठीही तुम्हीच परत आणून दिली होती ना? ती कशी मिळवलीत, ते तुम्ही शेरिफना सांगा. आमच्या शेरिफने तुमच्या शेरिफला फोन केला आहे. हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर ओकखाली खोदकाम सुरू झालेलं असेल. या वेळी हातभरावर कुणी थांबणार नाही.

लामार इथेच आहे. ओपलने मॉन्टगोमेरीला निरोप धाडला, तो तसाच आला. आम्ही सांगितलेलं त्याला पटत नव्हतं. आईवर असा आळ घेता म्हणून दाजींच्या अंगावर धावून गेला. आज तुमचं पत्र आलं. अंगठीच्या ओळीपाशी तो थांबला. मागे दारात उभ्या राहून तुम्ही त्याला हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. तेव्हापासून तो मागच्या पायरीवर बसून आहे. ओपल त्याच्या शेजारी जाऊन बसली, हात हातात घेतला, तोही त्याने काढून घेतला नाही.

तुम्हाला काही कळवायचंय का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला की आईला एवढंच विचारा, कोरिनने शेवटी मला हाक मारली होती का.

हे मी लिहिणार नव्हते. ओपल म्हणाली, लिही.

उत्तर मला नको, त्याला पाठवा. आपल्या लोभाची आम्हाला गरज नाही.

वर्डी