चौदावा प्रश्न सुटेपर्यंत

सोमवार, ११ जानेवारी १९९९

शनिवारच्या नोंदीत चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की इंटरनेटवरचं मोफत शैक्षणिक साहित्य तपासून आमच्या शिक्षकांना आणि मुलांना काय द्यावं हे ठरवण्यासाठी प्राचार्यांनी माझी निवड केली. प्रत्यक्षात ते म्हणाले, तुमचे तास कमी आहेत, तेव्हा तुम्हीच बघा. अर्थ तोच, पण शब्द खरे हवेत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला पाचवीपर्यंत घरीच शिकवलं ते याच शिस्तीत. एक चूक दिसली की अख्खं पान फाडायचं.

कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली आणि पासवर्ड आता माझ्याकडे. संध्याकाळी राजवाड्यापर्यंत गेले आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला परत शाळेत आले. लागलं होतं.

संकल्प: महिनाभरात काम पूर्ण.

शुक्रवार, १५ जानेवारी

तपासणीला नमुना हवा. शाळातपासणीचा छापील नमुना ऑफिसात होता, तोच घेतला. इमारत, पटांगण, पिण्याचं पाणी हे रकाने वेबसाइटला लागू नाहीत, तिथे 'निरंक' लिहिलं. 'प्रमुखाचे नाव व शैक्षणिक पात्रता' या रकान्यात सात साइट नापास झाल्या.

एका साइटवर बेडूक कापून दाखवतात. चित्र वरून खाली इतकं हळू उतरलं की नववीच्या वह्या तपासून झाल्या. बेडूक पोटापर्यंत आला आणि लाइन तुटली. अर्ध्या बेडकावर मत देणं योग्य नाही. निर्णय राखून ठेवला.

गुरुवार, २१ जानेवारी

सौमित्र सरांनी एक अमेरिकन साइट दाखवली. हे कॉम्प्युटर कंपनीचे, आठवड्यातून दोनदा येतात, जीन्स घालतात. साइटवर बुद्धिमापनाचे सराव पेपर, उत्तरांसकट, फुकट. म्हणाले, राजनंदिनीला नेमकं हेच पाहिजे, आज प्रिंट काढू.

राजनंदिनी बारावी सायन्सची. म्हसवडची, इथे आत्याकडे राहते. सांगलीची एक संस्था प्रवेश परीक्षा घेऊन दोन मुलींना डिग्रीपर्यंत मोफत शिकवते, हॉस्टेलसकट. परीक्षा ११ एप्रिलला. निवड झाली तर शिक्षण, नाही तर वैशाखात लग्न. वडील तेव्हा फौजेतून सुट्टीवर येणार आहेत. या परीक्षेची पुस्तकं साताऱ्यात मिळत नाहीत. सायबर कॅफेत आत्या पाठवत नाही, बाहेर मुलं उभी असतात. म्हणजे आमचा कॉम्प्युटर हाच तिचा आधार.

म्हणूनच तपासल्याशिवाय तिला एक ओळही द्यायची नाही. प्रिंट काढू दिले नाहीत.

बुधवार, २७ जानेवारी

सापडली! चौदावा प्रश्न. पाण्याची टाकी. एक नळ ती सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत. दोन्ही सोडले तर किती तास? साइट म्हणते तीन. मी तीनदा केलं. चार.

खात्रीसाठी राजनंदिनीला मूळ इंग्रजी प्रश्न वाचायला दिला. तिने फळ्यावर तीन काढले. म्हणजे अमेरिकेतली चूक साताऱ्यापर्यंत पोचलीसुद्धा! ती प्रश्नावर बोट ठेवून काही दाखवू लागली. मी म्हटलं, आधी ऐकायची सवय लाव. रीत समजावली. तिने तीन पुसून चार लिहिले. हुशार आहे, लवकर पटतं.

साइटला सविस्तर ई-मेल पाठवली.

गुरुवार, २८ जानेवारी

उत्तर आलं! माझी मेल गेली त्याच मिनिटाला पाठवलेलं आहे, तिकडे पहाटेचे तीन वाजले असताना. 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. आम्ही लवकरच संपर्क साधू.' सौमित्र सर म्हणाले की हे उत्तर यंत्र आपोआप पाठवतं. माणसाला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

त्यांचा संपर्क होईपर्यंत साइट 'विचाराधीन'.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

महिनाभराचा संकल्प थोडा लांबला आहे. कारण लाइन. मी इंटरनेटवर असले की शाळेचा फोन लागत नाही, आणि आमच्या शाळेच्या संस्थेचे चेअरमन प्राचार्यांना ओरडले. आता रोज अर्धाच तास.

अमेरिकेला आठवणपत्र पाठवलं. पुन्हा लगेच उत्तर, पुन्हा तेच शब्द. शब्द न बदलणारी माणसं हल्ली कुठे राहिलीत?

शनिवार, २० मार्च

बारावीचा शेवटचा पेपर झाला. सौमित्र सर व्हरांड्यात राजनंदिनीच्या हातात प्रिंट देताना दिसले. बाहेरून कुठून तरी काढून आणले होते. मी तिथल्या तिथे काढून घेतले. तिने घट्ट धरले होते, एका पानाचा कोपरा फाटला.

सर म्हणाले, "मॅडम, चौदावा चुकलाय असं धरू. बाकीच्यांनी काय केलंय?"

मी शांतपणे अण्णांचं पान फाडण्याचं सांगितलं. त्यावर म्हणाले, "मग तुमच्या घरात एक तरी वही पुरी भरली का हो?"

उर्मट. सोमवारी प्राचार्यांकडून लेखी आदेश काढून घेणार: माझ्या मंजुरीशिवाय कुणीही साहित्य वाटू नये.

सोमवार, २९ मार्च

आदेश मिळाला. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, म्हणून परत टाइप करायला लावला. सौमित्र सर आता शाळेत येत नाहीत. वातावरण निवळलं आहे.

राजनंदिनीची आजी, बनुबाई, म्हसवडहून एसटीने आल्या. स्टाफरूममध्ये खुर्ची दिली तर जमिनीवर बसल्या.

"आवं बाई, पोरीनं जेवान सोडलंय. ती कागदं द्या की तिला."

मी सांगितलं की त्यात चूक आहे.

"किती चुका हायत?"

एक, म्हटलं.

"मग त्यो एक कागूद ठिवा तुमच्यापाशी आन् बाकीचं द्या."

मी त्यांना विश्वासार्हता म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावलं. चांगला पाऊण तास. शेवटी त्या उठल्या. म्हणाल्या, "तिच्या बापाचं काय न्हाई, त्यो शिकवाया तयार हाय. तिच्या चुलत्यानं पोरगं बघून ठिवलंय. लय घाईत हाय त्यो. तुमाला लेक असती म्हंजी कळलं असतं."

माझं लग्न झालेलं नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं. राग धरला नाही. निरक्षर बाईला पटवून दिलं याचं समाधान.

सोमवार, १२ एप्रिल

काल सांगलीला परीक्षा झाली. आज राजनंदिनी येऊन गेली. उन्हातून आली होती, पाणी नको म्हणाली.

"बाई, टाकीचं गणित आलं होतं. तसंच, नुसते आकडे बदलून. पर्यायात दोन्ही उत्तरं होती. तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं."

मला भरून आलं. इतकी वर्षं शिकवून असं वाक्य कधी ऐकायला मिळतं? तिला म्हटलं, शाब्बास. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग गेली.

बुधवार, २१ एप्रिल

निकाल. राजनंदिनी तिसरी. दोनच घेतात. निवडलेल्या मुलींपैकी एकीने सांगलीच्या कॅफेत बसून तेच अमेरिकन पेपर सोडवले होते म्हणे. म्हणजे परीक्षा ज्ञानाची नव्हतीच, अप्रमाणित साहित्याची होती. संस्थेला पत्र लिहावं का? आधी चौदावा प्रश्न पुराव्यासह तयार ठेवते.

रविवार, २५ एप्रिल

पत्रासोबत जोडायचा प्रश्न अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "टाकी आधीच पाव भरलेली आहे, हे वाचलंस का?"

मी वाचलं होतं. म्हणजे माझी नजर त्यावरून गेली होती. ते शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला आहेत, जिथे कुणी आकडे शोधत नाही. चार तास पूर्ण टाकीला. पाऊण टाकीला तीन.

अण्णांनी विचारलं, त्या मुलीने किती काढले होते? मी सांगितलं. ते उठून गॅलरीत गेले. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. वयोमानाप्रमाणे भूक कमी झाली आहे.

तरीही प्रश्नाची रचना दिशाभूल करणारी आहे, या मतावर मी ठाम आहे. हे अमेरिकेला कळवलं. लगेच उत्तर आलं.

शुक्रवार, ३० एप्रिल

चूक मान्य करायला मन मोठं लागतं. आज साइटला मंजुरी दिली. शेरा: 'विद्यार्थ्यांस उपयुक्त. प्रश्न काळजीपूर्वक वाचावेत.' या वर्षातली ही पहिली आणि एकमेव मंजुरी. प्राचार्यांनी न वाचता सही केली.

दुपारी राजनंदिनीचा चुलता पत्रिका देऊन गेला. म्हणाला, बाईंना आवर्जून आणायचं असं पोरगी म्हणाली. पाटणकडचं स्थळ, शेती चांगली आहे. मी विचारलं, तिकडे फोनची लाइन आहे का? तो हसला.

आहेर म्हणून साडी कुणीही देईल. मी सगळ्या पेपरांचे नवीन प्रिंट काढून, बाइंडिंग करून नेणार आहे. चौदाव्या प्रश्नाचं उत्तर तीन आहे, तिचंच बरोबर होतं, हेही तिला स्वतः सांगणार. उद्या सांगता आलं असतं, पण बाइंडिंगवाला आठवडा घेतो, आणि अर्धवट काम घेऊन जायचं मला जमत नाही. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले तर तिला मुंडावळ्या बांधायच्या आत गाठता येईल. दिवस पक्का केला: रविवार, ९ मे.