सपाट रेघ

कलबुर्गी,
१२ फेब्रुवारी २०२५

शैलाअक्कास पंचूचे शरणु.

तू, भावजी आन् बाळ खुशाल असाल. मीबी हाय. फोन सोडून कागद कामून, म्हणशील. मेसेज लिहून दोनदा पुसला. माझा दोस्त मल्लेश बसवकल्याणला जायलाय, त्याच्या हाती हे आपल्या गावी कोहिनूरला धाडतो.

इथं डीजेच्या गाडीवर होतो. स्पीकरचे बॉक्स चढवायचे आन् मिरवणुकीत त्यालाच टेकून ऱ्हायचं. स्टँडपाशी एक अव्वा भाकरी-शेंगाचटणी देते. "आणखी एक?" इचारते, मी गाव इचारलं समजून "कोहिनूरचा" म्हणतो. लई हसते. असो.

परवा मी आन् मल्लेश एका कॉलेजात गेलतो. तिथं बोटांना तारा लावून कानात आवाज सोडतात. नेत्रावती म्याडम म्हणल्या, "आवाज ऐकला की कातडीत बारीक घाम येतो, वीज जरा जास्त वाहते. जितका आवाज मोठा, तितकी रेघ उंच." मल्लेशची रेघ बारक्या आवाजालाच उड्या मारायली. मी म्हणलं, "भित्रा हायस लेका."

मग मी बसलो. बसूनच ऱ्हायलो. शेवटी इचारलं, "म्याडम, कवा सुरू करणार?"

म्याडम उठून जवळ आल्या. कानावरचं काढून म्हणल्या, "अर्धे आवाज झाले की रे."

पडद्यावर माझी रेघ सपाट, नांगरून फळी मारलेल्या रानावानी. पुन्हा लावलं. मोठा आवाज आला तवा कुठं ती ताडकन वर गेली. मल्लेश हसायचा थांबला.

डॉक्टरला दाखवलं. गेलेलं परत येत न्हाई म्हणले, उरलेलं जप, डीजे सोड.

तवापासून तुझा एकेक फोन आठवायलोय. बारशाच्या आधी मी इचारलं होतं, "काम हाय, मागून येऊ का?" तू म्हणलीस, "बा." आपल्या घरातलंच कानडी, ये म्हणून. मला 'बरं' ऐकू आलं. म्हणून आलो न्हाई. तू रुसलीस, आन् मी मल्लेशला सांगत फिरलो, अक्का हल्ली फोनवर पुटपुटायली.

पोरीच्या कानात आत्यानं कुर्र करून नाव सांगितलं असंल. तूबी मला फोनवर तीनदा सांगितलंस. तिन्ही वेळा मी "झकास हाय" म्हणलं.

ऐकू आलं न्हवतं, अक्का.

डीजे सोडलाय. रविवारी कोहिनूरला येतो. त्याच्या आधी तेवढं लिहून कळव, दारातून हाक मारायची हाय.

भाचीचं नाव ठाऊक नसलेला मामा,
पंचाक्षरी