निवळलेलं द्रावण

धुळे,
१४ मार्च १९९९

श्री. लीलाधर यांस,

मंजुळाचा नमस्कार. जामनेरला सगळे बरे असतील. इकडे ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय.

आधी कामाचं सांगते. आपलं सिरियम ऑक्साइड झालं! तुमच्याच पद्धतीने केलं. सिलिका जेलच्या बारीक छिद्रांत सिरियमचा क्षार मुरवला, भट्टीत भाजला, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात सिलिका विरघळवून टाकली. दर वेळी सिलिकाचा साचा गेला की मागे उरलेलं ढासळायचं. या वेळी टिकलं. फिकट पिवळी भुकटी, आतून स्पंजासारखी सच्छिद्र. पुण्याहून छिद्रांचं मोजमाप आलं तेव्हा प्रयोगशाळेतले आपले सर खुर्चीतून उठलेच. शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं राहील. त्यासाठी मी सरांशी भांडले.

कॉस्टिकचं काम मी एकटीने केलं. त्या दिवशी कॉस्टिकचा बीकर तडकला तेव्हा संरक्षक चष्मा एकच होता, आणि तो तुम्ही माझ्या डोळ्यांवर चढवला होता. "नोंदी तुला लिहायच्यात," म्हणालात. तुमचे डोळे गेले. माझ्या गालाला साधा ओरखडा नाही.

मागच्या रविवारी मी जामनेरला आले होते. इंदिरावहिनी आत जाऊन आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "तो झोपेल आहे, बाई."

झोपलेला माणूस खोकत नाही, लीलाधर.

मग मी दाराशी उभी राहून म्हणाले, "वाचायचं काम मी करीन. जन्मभर करीन." तुम्ही आतून एवढंच म्हणालात, "वहिनी, तिला बसमध्ये बसवून द्या." वहिनी स्टँडपर्यंत आल्या.

हे पत्रही त्याच वाचून दाखवत असतील, म्हणून जास्त लिहीत नाही. डोळ्यांतलं औषध चुकवू नका. तब्येतीला जपा.

वहिनी, इथून पुढे मनातच वाचा. मे महिन्यात माझं लग्न आहे, जळगावला. माझे वडील, नाना, फार थकलेत. मी हो म्हटलं. माणूस चांगला आहे, वाईट असता तर बरं झालं असतं. लीलाधरला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. फक्त जेवणाआधी सांगू नका. तो ताटावरून उठेल.

तुमची जाऊ व्हायची राहिलेली,
मंजुळा