चिकटून बसलेला ठोकळा

दि. ३ जून
ती. ताईस, शि. सा. न.

छोट्या धक्क्यांच्या भीतीने दोन आठवडे तुम्ही मैदानात तंबूत, बाबांचा खोकला वाढलेला, आणि मी भूकंपाचा अभ्यास करतो म्हणून सगळी गल्ली माझं मत विचारते आहे, हे वाचून जीव खालीवर झाला.

इथे मी टेबलावर भूकंपच करतोय. पॉलिश पेपरवर लाकडी ठोकळा, त्यावर वजन, पुढे स्प्रिंग. मोटर ती सावकाश ओढते. ठोकळा अडतो, मग घसरतो. जमिनीखालची भेगही अशीच वागते. दर वेळी नवा कागद लावून शंभरदा ओढला, जरासाच घसरला. छोटे धक्के म्हणजे ताण सुटतोय. बाबांना खुशाल घरात ने.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. ९ जून
चि. धाकट्यास, अ. आ.

बाबांनी तुझं पत्र चौकात वाचलं. छाती नुसती फुगली होती! सात घरं तंबू मोडून आत गेली. खोकलाही कमी आहे. दर वेळी नवा कागद म्हणे! धुतलेलं ताट पुन्हा धुवायचास, ती खोड अजून गेलेली नाही.

जेवत जा, आणि आम्हाला विसरू नकोस.
ताई

दि. १५ जून
ती. बाबांस, शि. सा. न.

फोन लागत नाही. पत्र मिळताच सगळ्यांना बाहेर काढा. माझी घोडचूक झाली. चार दिवस मी तापाने पडलो, ठोकळा जुन्याच कागदावर वजनासकट बसून राहिला. काल स्प्रिंग दुप्पट ताणली तरी हलेना, मग एकदम टेबलावरून खाली उडाला. जेवढा जास्त वेळ बसतो, तेवढा घट्ट धरतो. तुमच्याखालची भेग कित्येक पिढ्या बसून आहे. छोट्या धक्क्यांनी तिचं काही होत नाही. कधी घसरेल, मला सांगता येत नाही. हेही चौकात वाचा. माझ्या अब्रूचा विचार करू नका.

आशीर्वाद असू द्या.
धाकटा

दि. २९ जून
चि. धाकट्यास, अ. आ.

बाबा गेल्याचं तुला कळलंच आहे. एकवीस तारखेला सकाळी मोठा धक्का बसला तेव्हा मी शाळेच्या मैदानात मुलांची कवायत घेत होते, म्हणून वाचले. गल्लीतली अकरा माणसं गेली.

तुझं दुसरं पत्र वेळेत आलं होतं. पोस्टमनने अठरालाच बाबांच्या हातात दिलं. मला ते बोलले नाहीत. सदऱ्याच्या खिशात सापडलं, फोडलेलं. मागे पेन्सिलीने लिहिलंय, पोराचं हसं होईल, चार दिवस बघू.

मला त्यांचा राग येतो, तुझाही येतो. पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. शेजारणीचा नवरा गेला. ती रोज तंबूत येऊन विचारते, भावाचं पत्र आलं का, आता तो काय म्हणतो. तिला काय सांगू, ते तूच लिही.

लोभ तुटलेला नाही, एवढंच आज लिहिता येतंय.
ताई