सॉरी कशाबद्दल

वडगाव, बेळगाव
७ जून २०२४

चि. सौ. अंजनीस,
अ. आ.

फोनच केला असता, पण आपल्या दोन्ही घरांत स्पीकर लावल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही, आणि ह्यांच्यासमोर आपल्या दोघी जावांना मोकळं बोलता येत नाही. बातमी आनंदाची आहे. रविवारी कुमारभावजींचा ह्यांना मेसेज आला. एकच शब्द: सॉरी.

चार वर्षं ह्या सख्ख्या भावांचं बोलणं नाही. आमच्या वास्तुशांतीला भरल्या पंगतीत भावजी ह्यांच्याबद्दल बोलून गेले, की अण्णांच्या मागावरची साडी पहिल्या धुण्यात रंग सोडते. विणकराला त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आता हे तो मेसेज दिवसभर उघडून बघतात. शेजारच्या भरमूला चष्मा आणायला लावून वाचायला दिला. कशाबद्दल सॉरी ते लिवलं न्हाय, असं भरमू म्हणाला, तर हे म्हणाले, त्याला म्हायती हाय, मला म्हायती हाय, तुला कशाला पायजे. काल गल्लीत पेढे वाटले. भावजींना म्हणावं, मन मोठं केलंत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
भाग्यलक्ष्मी


निपाणी
१३ जून २०२४

ती. सौ. आक्कांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. आक्का, ती सॉरी त्यातली नाही हो. त्या दिवशी आमचे हे स्कूटरवरनं दुकानात निघालते, खिशातला फोन आपोआप अण्णांना लागला. पोचल्यावर ह्यांनी ते बघितलं आणि घाईनं सॉरी लिहून मोकळे झाले. म्हणजे, फोन चुकून लागला, सॉरी. रेडिमेड कपड्यांच्या दुकानात हा शब्द ह्यांच्या तोंडात दिवसभर असतो. अडतीस नंबर संपला, सॉरी. सुट्टे नाहीत, सॉरी. बदलून मिळणार नाही, सॉरी. त्यात आपण माफी मागतोय असं ह्यांना कधी वाटलं नाही, आणि गिऱ्हाइकालाही नाही.

पेढ्यांची गोष्ट बेळगावहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितली, तसे हे भडकले. मी कुठं माफी मागितली, आत्ता खुलासा करतो म्हणाले. टाइप करायला बसले आणि सुरुवातच केली, सॉरी अण्णा, गैरसमज झालाय. मी म्हटलं, पाठवा, एकीच्या दोन होतील. तेव्हा पुसलं. पण अजून धुमसताहेत. काय करू ते लिहा.

धाकटीवर जीव ठेवावा, आणि हे पत्र फाडून टाकावं.
आपली,
अंजनी


वडगाव, बेळगाव
१९ जून २०२४

चि. सौ. अंजनीस,
अ. आ.

आमची करिष्मा मच्छे गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तिलाच विचारलं. तिनं मला वर्गात बसवल्यागत समजावलं. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी, कुणाचं माणूस गेलं तरी सॉरी. मनापासून माफी मागायची असली की इंग्रज म्हणे वेगळा, लांबलचक शब्द काढतो. मी म्हटलं, आपल्यात बरं आहे. पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो, मयताला गप बसतो, आणि माफी मागतच नाही.

मग तिला बजावलं, तुझं इंग्रजी शाळेतच ठेव. कारण ह्यांनी नवा सदरा शिवलाय. तीस तारखेला, रविवारी, एकटेच निपाणीला येणार म्हणतात. चार वर्षं ज्याचं नाव घरात काढू दिलं नाही, त्याला आता झोपेतसुद्धा हाक मारतात. भावजींनी दारात खुलासा केला, तर हा माणूस ह्या जन्मी परत तुमचा उंबरा चढायचा नाही. त्यांना एक दिवस गप बसव.

बाकी क्षेम. तुझ्यावर भरवसा आहे, तो राख.
भाग्यलक्ष्मी


निपाणी
२ जुलै २०२४

ती. सौ. आक्कांस,
सा. न. वि. वि.

गप बसवायचं मला जमलं नाही. अण्णा येऊन पाणी प्यायले, तोवर ह्यांनी सुरू केलं. फोन खिशातनं लागलता, ती सॉरी त्या फोनाची होती, बाकी कशाची न्हाय. मी स्वयंपाकघराच्या दारातनं ऐकत होते. अण्णांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले,

“मला कळालंतं रं. चुकून फोन लागला की लोक तसं लिवत्यात, एवढं कळतंय मला. पर चार वर्सांत तुझ्याकडनं तेवढंच आलतं. मी तेच धरून बसलो.”

हे उठून आत आले. अण्णांना सांग, माझं चुकलं, असं मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, बाहेरच बसलेत, सांगा की. दोनदा दारापर्यंत गेले, घसा साफ केला आणि परत आले. मी अण्णांचं ताट नेऊन ठेवलं, तेव्हा ह्यांनी भाकरीची बुट्टी उचलली. ह्या माणसानं घरात कुणाला वाढलेलं मी लग्नापासून बघितलेलं नाही. अण्णांपुढं जाऊन वाकले.

“अण्णा, भाकरी वाढू?”

अण्णा म्हणाले, “वाढ.”

पुढं दोघांचं बोलणं एवढंच झालं. हे वाढत राहिले आणि अण्णा नको म्हणेनात. त्यांना जड गेलं असणार, पण ताटात काही ठेवलं नाही.

आशीर्वाद असू द्यावा. ह्या वेळी पत्र ठेवलंत तरी चालेल.
आपली,
अंजनी


वडगाव, बेळगाव
८ जुलै २०२४

चि. सौ. अंजनीस,
अ. आ.

हे घरी आले ते पोट धरूनच. ओवा चावून पडून राहिले. आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगून आले, की कुमारनं तोंडानं माफी मागितली, तीपण मराठीत. काय म्हणाला, असं भरमूनं विचारलं, तर घरातलं सगळं सांगायचं नसतं म्हणाले.

तुझं पत्र आल्यावर मी ते परत परत वाचलं. त्यात भाकरीशिवाय दुसरा शब्द नाही. म्हणून काल मीच ह्यांना विचारलं, भावजी नेमकं म्हणाले काय. मागासाठी कांडीवर सूत भरत बसलेते, हात थांबला. मला वाटलं, आता माझ्यावर खेकसणार. तर खाली बघतच म्हणाले,

“वाकलता गं त्यो.”

दोघं एकदा येऊन जा.

लोभ आहे, कमी व्हायचा नाही.
तुझी,
भाग्यलक्ष्मी