चौकटीखालचा इंच

३ जून २०२४, सोमवार. लेस्टर

काउंटर. अकरा फळ्या. कोपरे कापायचा साचा. दारावरची पाटी, अक्षरांसकट. सगळं माझ्या हातचं. फ्रेम करायला मला कुणी शिकवलं नाही. तीस तारखेला दुकान रिकामं करायचंय. भाडं झेपत नाही. पाटी मीच उतरवीन — दुसऱ्याने हात लावायचा नाही.

४ जून

जुनी चित्रं विकणारी श्रद्धा एक व्हिक्टोरियन चित्र दुरुस्तीला देऊन गेली. चौकटीचा कोपरा निखळलाय. टेबलापाशी नवरा, तोंड फिरवून बसलेला, हात खिशात. बाजूला बायको, टोपी घालून निघालेली, टेबलावर हात पुढे केलेला. बोटं चौकटीआड. श्रद्धाच्या मते बाईचं पाऊल वाकडं पडलंय, ती क्षमा मागतेय. मी म्हटलं, क्षमा कसली, ट्रेनच्या तिकिटाला पैसे मागतेय. घर सोडून जायचं आणि वर हात पसरायचा!

हसली. "पद्माकरकाका, तुम्ही फ्रेम बघा. चित्र मी बघते."

आर्ट हिस्टरीची डिग्री आहे ना!

६ जून

लेकीचा, पूर्वीचा, बेसिंगस्टोकहून फोन. आई विचारत होती म्हणे, दुकानाचं काय ठरलं. सुहासिनी तीन महिने लेकीकडे जाऊन बसलीये, आता चौकशा! जाताना किल्ली हुकला अडकवून गेली. पूर्वीला सांगितलं, आईला म्हणावं माझं मी बघतो.

८ जून

चौकट उघडली. मूळची नाहीच — खिळ्यांची भोकं जुळत नाहीत. कुणीतरी मोठं चित्र लहान चौकटीत कोंबलंय. खालचा इंचभर भाग झाकलेला, तिथला रंग अजून ताजा. तिच्या बोटांखाली बटवा. उघडा. नाणी त्याच्या बाजूला सरकवलेली.

मागत नाहीये ती. देतेय.

श्रद्धाला लगेच फोन केला. बरोबर निघालो म्हणून नाही — दोघंही चुकलो होतो. ती म्हणाली, "काका, मग तो घेत का नाहीये?"

म्हटलं, ते काही चित्रात दिसत नाही.

९ जून

१४ मार्च. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. हॉस्पिटलच्या नोकरीत साठवलेलं सगळं सुहासिनीने चेकवर लिहून काउंटरवर ठेवलं. म्हणाली, भाड्याला घ्या, दुकान राहू दे. मी नको म्हटलं. तिच्याकडे बघितलंही नाही. आकडा तेवढा वाचला.

अठरा हजार चारशे पौंड.