धबधब्याकाठचा लाल सदरा

नायगारा, ३ एप्रिल १८५८

चि. ऑरिन यास आजीचे अ. उ. आशीर्वाद.

माझे गुडघे सोडले तर इकडे सर्व खुशाल. पत्र नेहमीप्रमाणे पोस्टमास्तरीणबाई लिहून देताहेत. दर ओळीला सुस्कारा टाकतात. तो लिहू नका म्हणून बजावलंय.

पाद्रीबाबा न्यूयॉर्कला तुझं धबधब्याचं चित्र पाहून आले. भिंतभर पाणी आहे म्हणाले. आमच्या दारात जन्मभर तेच कोसळतंय, आणि तिकडे म्हणे लोक रांगा लावतात! शहाणेच म्हणायचे. पण अगदी कड्यावर नखाएवढा माणूस आहे, लाल सदऱ्यातला, असंही ते म्हणाले. मी ओळखलं. उन्हाळ्यात पाण्याचं माप कळावं म्हणून तू तुझ्या धाकट्या भावाला, ईनसला, तिथे उभं करून रेखाटलं होतंस. ऑक्टोबरात त्याच पाण्याने ईनसची होडी ओढून नेली. तो हाती लागला नाही, माती द्यायलासुद्धा नाही.

तुझ्या आईने नदीकडच्या खिडकीला गोधडी टांगलीय, ती अजून तशीच आहे. आणि आता बाईसाहेब महिनाअखेरीस आगगाडीने चित्र बघायला निघणार आहेत. नको म्हटलं तर म्हणते, सासूबाई, मी विचारत नाहीये, सांगतेय. बाळा, ती पोचायच्या आत त्याला पुसून टाक. पाहील तर उभ्या जागी कोसळेल.

आजारी पडू नकोस. या हट्टी म्हातारीवर माया असू दे.
तुझी आजी केझाया

न्यूयॉर्क, १२ एप्रिल

ती. आजीस ऑरिनचा सा. न.

तुझं ऐकलं. तो माणूस नसला तर धबधबा घरच्या टबाएवढा दिसतो, हे तुला कसं पटवू? लोक दुर्बिणी लावून त्यालाच शोधायचे. रविवारी दालन बंद असताना शिडी लावली आणि त्याच्यावर फेस रंगवला. एकदा पाण्याने नेला. या खेपेला मी ढकलला.

लोभ कमी करू नकोस.
ऑरिन

न्यूयॉर्क, २९ एप्रिल

ती. आजीस सा. न.

आई सोमवारी आली. हातमोजे काढून थेट चित्रापाशी गेली आणि कड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत राहिली. मग विचारलं, ईनस कुठे उभा आहे? पाद्रीबाबांनी लाल सदऱ्याचं तिलाही सांगितलं होतं. धबधबा बघायला एवढ्या लांब कशाला येऊ, म्हणाली. त्याला थडगं नाही, म्हणून निदान इथे तरी भेटेल, एवढ्यासाठी ती आली होती.

उजेड कमी आहे, असं मी खोटंच सांगितलं. तेव्हापासून रोज उजेडाची वाट बघत बाकावर बसते. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. काय करू?

तुझा
ऑरिन

नायगारा, ६ मे

चि. ऑरिन यास आशीर्वाद.

पोस्टमास्तरीणबाई आज सुस्कारत नाहीत, सरळ रडताहेत. शाई पसरली तर दोष त्यांना दे.

त्याला मी पुसायला लावलं, हे तिला आजच सांग. सून माझ्यावर तीस वर्षं चिडत आलीय. सवय आहे मला. मला वाटलं होतं, तिला बघवणार नाही. बघवत मलाच नव्हतं, रे. मी तिच्या नावावर खपवलं.

उन्हाळ्यातलं रेखाटन तुझ्यापाशी असेलच, पण ते बाहेर काढू नकोस. तिला शेजारी बसव आणि ती सांगेल तसा काढ. तो कुठल्या पायावर भार टाकून उभा राहायचा, हे तुझ्यापेक्षा तिला ठाऊक. पाण्यापासून किती लांब उभा करायचा, तेही तिलाच विचार. फार लांब म्हणाली, तर मापाबिपाची हुज्जत घालू नकोस.

राग ओसरला की दोघांनीही मला पत्र घाला. तिने आधी.
आजी केझाया